एचपीव्ही पॉझिटिव्ह, पण कुठे? पुण्यातल्या एका रुग्णाचं प्रकरण

रुग्ण ३८ वर्षांचे, विवाहित. चाकण एमआयडीसीत वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटी विभागात नोकरी, राहायला पिंपळे सौदागर. लग्नाला १२ वर्षं झालेली. मुलगा १० वर्षांचा, मुलगी ६ वर्षांची. मधुमेह नाही, रक्तदाब नाही, कसलंही औषध चालू नाही. तंबाखू मात्र कॉलेजपासून, चुना लावून मळलेली, प्रत्येक शिफ्टमध्ये चार-पाच वेळा. ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत आणि नवरा-बायको दोघांना विचारूनच हे लिहितो आहे.

तक्रार साधी होती. शिश्नाच्या मुळाशी चार महिन्यांपासून चामखिळी उठत होत्या. सुरुवातीला त्यांनी चुना आणि पापडखार एकत्र करून लावला, गावाकडे मानेवरच्या चामखिळीला लावतात तसा. दोन ठिकाणी कातडी भाजली, चामखिळी तशाच राहिल्या. मग होमिओपॅथीच्या थुजाच्या गोळ्या झाल्या. मग कुणीतरी सांगितलं म्हणून त्यांनी एका खासगी लॅबचं 'लैंगिक आजारांचं पॅकेज' बुक केलं. लॅबचा माणूस घरी आला, शिश्नावरून स्वॅब घेतला, गुळण्या करायला लावून त्याचं पाणी बाटलीत नेलं. रिपोर्टमध्ये दोन ओळी होत्या: स्वॅबमध्ये एचपीव्ही (ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, चामखिळी आणि काही कर्करोग घडवणारा विषाणू) टाइप ६, गुळण्यांच्या नमुन्यात एचपीव्ही टाइप १६. दुसऱ्या ओळीपुढे लाल अक्षरांत 'उच्च जोखीम'.

बुकिंग पत्नीच्या मोबाइलवरून झालं होतं, त्यामुळे पीडीएफ तिच्या व्हॉट्सअॅपवर आधी पोचली. नेटवर शोधल्यावर 'घशाचा कॅन्सर' आणि 'शरीरसंबंधातून पसरतो' हे दोन्ही तिला एकाच पानावर सापडलं. इतक्या खाजगी तपासणीचा कागद कुणाच्या हातात पडणार याचा विचार नमुना नेणाऱ्यानं केला नव्हता, आणि रिपोर्टचा अर्थ सांगायलाही कुणी बसलेलं नव्हतं.

दोघं माझ्याकडे आले तेव्हा नवऱ्याचा प्रश्न होता, "मला घशाचा कॅन्सर होणार का?" पत्नीचा प्रश्न होता, "हे कुठून आणलं?" मला तिसरीच गोष्ट विचारावीशी वाटली: या चार महिन्यांत तुम्हाला कपडे काढून, दिवा लावून कुणी तपासलं का? उत्तर होतं, नाही. औषधं झाली, तपासण्या झाल्या, बिलं झाली. तपासलं कुणीच नव्हतं.

आधी एकट्याशी

अशा वेळी मी जोडप्याला एकत्र बसवून सुरुवात करत नाही. पत्नीला विनंती केली की आधी यांच्याशी आणि मग तुमच्याशी, दोघांशी वेगवेगळं बोलतो. नंतर हवं असेल तर तिघं बसू.

लैंगिक इतिहास विचारताना आवाज खाली आणायचा नाही आणि नजर फाइलमध्ये खुपसायची नाही, एवढं पथ्य मी पाळतो. "हे मी येणाऱ्या प्रत्येक पुरुषाला विचारतो," असं सांगून एकेक विचारत जायचं: जोडीदार स्त्रिया, पुरुष की दोन्ही, लग्नाआधी आणि लग्नानंतर, मुखमैथुन, गुदमैथुन, निरोध किती वेळा. पुण्यात शिकलेल्या, चांगल्या पगाराच्या माणसालाही या गोष्टी उच्चारायला शब्द सापडत नाहीत. तो शब्द डॉक्टरनं आधी वापरला की समोरच्याला फक्त हो किंवा नाही म्हणायचं उरतं. त्यांनी जे सांगितलं ते इथे लिहिणार नाही. उपचारासाठी त्यातलं जेवढं लागलं तेवढं पुढे येईलच.

एक गोष्ट मात्र ठासून सांगतो. गुदद्वाराभोवतीची तपासणी करायची की नाही हे या उत्तरांवर ठरवायचं नसतं. ज्यांचा गुदमैथुनाशी कधीही संबंध आलेला नाही अशा पुरुषांनाही तिथे चामखिळी होतात. विषाणू शेजारच्या कातडीवरून सरकतो, हातानं जातो. या बाबतीत 'तसा' माणूस आणि 'तसा नसलेला' माणूस अशी वाटणी करणाऱ्या डॉक्टरच्या हातून रोग सुटतो, आणि मला त्याची चीड येते, कारण भोगावं रुग्णाला लागतं.

तपासणीत काय दिसलं

शिश्नाच्या मुळाशी आणि वरच्या केसांच्या भागात सात चामखिळी. रेझरनं दाढीसारखी सफाई करायची सवय, त्यामुळे बारीक ओरखड्यांच्या रेषेत त्या पसरत गेलेल्या. मूत्रमार्गाच्या तोंडाशी ओठाच्या आत एक, तांदळाच्या दाण्याहून लहान. ती बोटांनी ओठ उघडल्याशिवाय दिसत नाही.

शिश्नमण्याच्या कडेला एका ओळीत बारीक, पांढरट, सारख्या आकाराचे दाणे होते. त्यांना वाटत होतं त्याही चामखिळीच. चुना तिथेही लागला होता. ते दाणे हा आजारच नाही. बऱ्याच निरोगी पुरुषांत ते असतात, कुणाला लागत नाहीत आणि त्यांचा एचपीव्हीशी काहीही संबंध नाही. माझ्याकडे येणाऱ्या तरुणांपैकी अनेक जण केवळ या दाण्यांपायी झोप घालवून बसलेले असतात.

मग त्यांना डाव्या कुशीवर वळायला सांगितलं. "तिथं काही नाही डॉक्टर," ते म्हणाले. स्वतःला दिसत नाही अशी ती जागा आहे, म्हणूनच दुसऱ्यानं बघायची असते. गुदद्वारापासून सुमारे एक सेंटिमीटरवर दोन छोट्या, नेहमीसारख्या चामखिळी होत्या. त्यांच्या बाजूला एक तपकिरी, चपटा, मखमली पृष्ठभागाचा डाग, सहा-सात मिलिमीटरचा. खाज नाही, दुखणं नाही, रक्त नाही. बोटानं आतली तपासणी नीट होती, प्रॉक्टोस्कोपीत, म्हणजे छोटी नळी घालून बघताना, आत काही दिसलं नाही.

चामखिळीला सहसा बायोप्सी लागत नाही. पण रंग वेगळा असेल, पृष्ठभाग वेगळा असेल, जखम होत असेल, उपचारांना दाद मिळत नसेल किंवा प्रतिकारशक्ती कमी असेल, तर तुकडा काढून बघावा. इथे रंगानंच सांगितलं. भूल देऊन बायोप्सी घेतली. आठवड्यानं रिपोर्ट आला: उच्च श्रेणीचा कर्करोगपूर्व बदल, पी१६ चं रंजन (उच्च जोखमीच्या एचपीव्हीची खूण) सगळ्या थरांत ठळक, खालच्या थरात घुसखोरी नाही.

म्हणजे लॅबच्या कागदावर ज्या जागेपुढे लाल अक्षरं होती, त्या घशात काही सापडलं नाही. जी जागा पॅकेजमध्येच नव्हती, तिथे उपचार करावा असा रोग होता.

तोंडातही एक गोष्ट दिसली, पण ती विषाणूची नव्हती. खालच्या ओठाच्या आत, जिथे ते तंबाखूची चिमूट धरत, तिथलं अस्तर पांढरट आणि सुरकुतलेलं होतं. मानेत गाठ नव्हती. कान-नाक-घसा तज्ज्ञांनी लवचिक दुर्बिणीतून टॉन्सिल, जिभेचं मूळ आणि घशाची मागची भिंत पाहिली. सगळं ठीक.

एकच विषाणू, प्रत्येक जागी निराळा

एचपीव्हीचे दोनशेहून अधिक प्रकार माहीत आहेत. जननेंद्रियांवरच्या चामखिळींपैकी सुमारे ९० टक्के टाइप ६ आणि ११ मुळे होतात आणि हे दोन कर्करोगाच्या वाटेला सहसा जात नाहीत. टाइप १६ आणि १८ हे मुख्य उच्च जोखमीचे. हॅराल्ड त्सूर हाउझेन यांच्या प्रयोगशाळेनं १९८३ मध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगात टाइप १६ शोधला, त्याबद्दल त्यांना २००८ चं नोबेल मिळालं. तेव्हापासून एचपीव्ही म्हणजे बायकांचा आजार असं आपल्या डोक्यात बसलं. पुरुष म्हणजे विषाणू वाहून आणणारा, एवढीच त्याची भूमिका. त्याच्या स्वतःच्या शरीरावर या विषाणूचं काय होतं, हे विचारायला बराच काळ गेला.

मोठ्या प्रमाणावर ते विचारलं गेलं ते ब्राझील, मेक्सिको आणि अमेरिकेतल्या पुरुषांवरच्या 'हिम' अभ्यासात. २०११ मध्ये त्यातल्या १,१५९ पुरुषांची माहिती प्रसिद्ध झाली. जननेंद्रियावर नव्यानं आलेला संसर्ग निघून जायला लागलेला मध्यक काळ ७.५ महिने होता, टाइप १६ ला वर्षभर. २०१३ मध्ये याच अभ्यासातल्या १,६२६ पुरुषांच्या तोंडाची माहिती आली. वर्षभरात तोंडात नव्यानं कुठला ना कुठला एचपीव्ही आलेले ४.४ टक्के, टाइप १६ आलेले जेमतेम ०.६ टक्के, आणि त्यातलेही बहुतेक संसर्ग वर्षाच्या आत दिसेनासे झाले. गुदमार्गात, ज्यांचे संबंध फक्त स्त्रियांशी होते अशा पुरुषांतही सुमारे १२ टक्क्यांना एचपीव्ही सापडला. पुरुषांशी संबंध असलेल्यांत हे प्रमाण ४७ टक्के होतं.

जागेनुसार एवढा फरक का पडतो? विषाणूला पेशींच्या सगळ्यात खालच्या थरापर्यंत पोचावं लागतं आणि तिथे तो सूक्ष्म ओरखड्यातून जातो. शिश्नाच्या दांड्यावरची कातडी जाड, वरून कडक थर असलेली. तिथे विषाणू सहज लागतो, पण कर्करोगापर्यंत क्वचित जातो. शिश्नाच्या कर्करोगात एचपीव्हीचा वाटा साधारण निम्मा. बाकी निम्म्यात मागे न सरकणारी कातडी, साचलेला मळ, जुनी सूज या गोष्टी येतात. गुदमार्गात मात्र दोन प्रकारची अस्तरं एकमेकांना भिडतात, अगदी गर्भाशयमुखासारखी. अशा सांध्यावरच्या पेशी सतत बदलत असतात आणि विषाणूच्या ई६ आणि ई७ या प्रथिनांना तिथे रान मोकळं मिळतं. ई६ पेशीतल्या पी५३ या राखणदाराला संपवतं, ई७ दुसऱ्या राखणदाराला, आरबीला, जखडून टाकतं. आरबी निकामी झाला की पी१६ वाढतं. बायोप्सीत पॅथॉलॉजिस्ट तेच रंगवून बघतात. गुदमार्गाच्या कर्करोगांत सुमारे ९० टक्के एचपीव्हीमुळे होतात.

घशात टॉन्सिलच्या खोल खाचांमधलं अस्तर जाळीदार आणि विरळ असतं, विषाणूला खालच्या थरापर्यंत पोचणं सोपं जातं. अमेरिकेत टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाच्या कर्करोगांपैकी सुमारे ७० टक्के एचपीव्हीशी जोडलेले आहेत आणि तिथल्या पुरुषांत एचपीव्हीमुळे होणारा सगळ्यात जास्त आढळणारा कर्करोग तोच. आपल्याकडे हा वाटा बराच कमी आहे. आपल्याकडचा गालाचा, हिरडीचा, ओठाच्या आतला कर्करोग हा मुख्यतः तंबाखू आणि सुपारीचा. तोंड आणि घसा या बाबतीत वेगवेगळे धरावे लागतात, आणि इंग्रजी पानं वाचून आलेल्या रुग्णाला हे कुणी सांगितलेलं नसतं.

मी त्यांना एवढंच म्हणालो, "टाइप १६ च्या कागदानं तुमची झोप उडाली, पण पुडी अजून खिशातच आहे." त्यांनी ती काढून टेबलावर ठेवली. तेवढ्यानं सवय सुटत नाही हे दोघांनाही माहीत होतं, म्हणून निकोटिनच्या गोळ्या, समुपदेशन आणि १८००-११-२३५६ हा सरकारी क्विटलाइनचा मोफत नंबर दिला.

गुळण्यांची तपासणी करावी का?

नाही. लक्षणं नसलेल्या पुरुषाच्या तोंडातला एचपीव्ही शोधून त्याचा फायदा होतो असं कुठेही दिसलेलं नाही. घशात कर्करोगाआधीचा, पकडता येईल असा टप्पाच अजून हाती लागलेला नाही. गर्भाशयमुखाला तो आहे, म्हणून स्त्रियांमध्ये तपासणीचा उपयोग होतो. पॉझिटिव्ह आलं तर करायचं काय, याला घशाच्या बाबतीत उत्तर नाही. निगेटिव्ह आलं तर त्याचाही भरवसा नाही. शिश्नावरचा स्वॅबसुद्धा तसाच. चामखीळ डोळ्यांना दिसते आहे, तिचा टाइप कळून उपचार बदलत नाही. गुदद्वाराजवळच्या तुकड्याचा टाइपही मी काढायला सांगितला नाही, कारण पेशी किती बिघडल्या आहेत हे सूक्ष्मदर्शकानं सांगितलं होतं आणि निर्णय त्यावर होणार होता.

त्यांनी दर भेटीत विचारलं, गुळण्यांची तपासणी परत करू का. मी दर वेळी तेच सांगितलं आणि त्याऐवजी लक्ष ठेवायच्या गोष्टी लिहून दिल्या: मानेत न दुखणारी गाठ तीन आठवड्यांहून अधिक राहिली, घसा एकाच बाजूनं दुखत राहिला, एकाच कानात ठणका, गिळताना अडकणं, आवाज बदलणं. यातलं काही झालं तर लॅबकडे न जाता सरळ घशाच्या डॉक्टरांकडे.

पत्नीचा प्रश्न

या प्रकरणात सगळ्यात जास्त वेळ इथे गेला, आणि तो जायलाच हवा होता.

त्या एकट्या बसल्यावर म्हणाल्या, "मला बाकी काही नको. एवढंच सांगा, हे लग्नाआधीचं आहे की नंतरचं?"

"सांगता येत नाही. मी टाळत नाहीये. या विषाणूच्या कुठल्याच तपासणीत तारीख नसते."

"म्हणजे?"

लागण झाल्यापासून चामखीळ दिसायला काही आठवडे लागतात किंवा काही महिने. पण हा विषाणू खालच्या थरात वर्षानुवर्षं गप्प राहू शकतो आणि केव्हातरी वर येतो. १२ वर्षांच्या संसारात आज उठलेली चामखीळ गेल्या वर्षाची असू शकते, तशीच लग्नाआधीची राहून गेलेलीही असू शकते. मी हेही सांगितलं की जगभरातल्या अभ्यासांची २०२३ मध्ये बेरीज केली तेव्हा १५ वर्षांवरच्या पुरुषांत साधारण दर तिघांपैकी एकात कुठला ना कुठला एचपीव्ही आढळला, आणि दर पाचांपैकी एकात उच्च जोखमीचा.

त्यांची स्वतःची तपासणी कधीच झालेली नव्हती. ३५ वर्षांच्या, दोन बाळंतपणं झालेल्या, पुण्यात राहणाऱ्या, शिकलेल्या बाईची. तिशीनंतर प्रत्येक स्त्रीनं एचपीव्ही तपासणी करावी आणि ठरावीक वर्षांनी पुन्हा करावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्याचा भक्कम पुरावा आपल्याच मराठवाड्यातून गेलेला आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १,३१,७४६ स्त्रियांना सामावून घेणारा अभ्यास झाला, २००९ मध्ये तो प्रसिद्ध झाला, आणि एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीनं गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू निम्म्यानं घटल्याचं त्यात दिसलं. नवऱ्याच्या चामखिळीच्या निमित्तानं का होईना, त्यांना स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. तपासणी निगेटिव्ह आली.

मला वाटलं होतं, यानं हायसं वाटेल. उलट झालं. रिपोर्ट घेऊन त्या परत आल्या, "माझं निगेटिव्ह आहे. म्हणजे बाहेरून आणलं हे सिद्ध झालं ना?"

नाही. स्त्रियांची ती तपासणी फक्त उच्च जोखमीचे टाइप बघते. नवऱ्याच्या चामखिळीतला टाइप ६ त्यात धरलेलाच नसतो. ती फक्त गर्भाशयमुखाचा नमुना बघते, बाहेरच्या कातडीचा नाही. आणि बहुतेक स्त्रियांचं शरीर हा संसर्ग एक-दोन वर्षांत आवरतं, मग तपासणीत काहीच दिसत नाही. आज निगेटिव्ह असण्याचा अर्थ कधीच नव्हता असा होत नाही.

"माझं तर लग्नाआधी कुणीच नव्हतं," त्या म्हणाल्या.

"मग विषाणू बहुधा त्यांच्याकडूनच घरात आला. ते मी लपवत नाही. पण कधी, हे मला खरंच माहीत नाही, आणि कुठल्याही लॅबला कळणार नाही."

थोडं थांबून त्यांनी विचारलं, "तुम्हाला त्यांनी काही सांगितलंय का?"

"सांगितलं असलं तरी आणि नसलं तरी माझं उत्तर एकच. ते त्यांनीच तुम्हाला सांगायचं. तुम्ही मला जे सांगाल तेही असंच माझ्यापाशी राहील."

रागावतील असं वाटलं होतं, रागावल्या नाहीत. संसार टिकवणं हे डॉक्टरचं काम नाही आणि मोडणंही नाही. पण एका विषाणूच्या नावाखाली खोटा पुरावा तयार होत असेल, तर तो थांबवणं आमचं काम आहे. नवरा-बायकोंत काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. त्यापुढच्या भेटीला दोघं एकत्र आले.

जे खरोखर कळू शकतं आणि लपवून चालत नाही, ते मात्र तपासलं: नवऱ्याचं एचआयव्ही, सिफिलिस, हिपॅटायटिस बी. सगळं निगेटिव्ह. तीन महिन्यांनी एचआयव्ही पुन्हा केली, तीही निगेटिव्ह. गुदद्वाराजवळ उच्च श्रेणीचा बदल सापडला की एचआयव्ही तपासणं टाळूच नये. ३५ वर्षांवरच्या एचआयव्हीबाधितांवर अमेरिकेत साडेचार हजारांच्या आसपास लोकांचा मोठा अभ्यास झाला, २०२२ मध्ये तो प्रसिद्ध झाला. गुदमार्गातले असे बदल नुसते बघत न बसता काढून टाकले तर कर्करोगाचं प्रमाण ५७ टक्क्यांनी कमी झालं. त्यामुळे एचआयव्ही असलेल्या पुरुषांनी, आणि पुरुषांशी संबंध असलेल्या मध्यमवयीन पुरुषांनी, या जागेची तपासणी ठरवून करून घ्यावी. मागावी लागली तरी मागावी.

उपचार

बाहेरच्या चामखिळींवर द्रव नायट्रोजननं गोठवण्याचे तीन हप्ते, मध्ये तीन-तीन आठवडे. मूत्रमार्गाच्या तोंडाशी असलेलीचं मूळ दिसत होतं, तीही गोठवली. राहिलेल्या भागावर इमिक्विमॉड ५ टक्के क्रीम, आठवड्यातून तीन रात्री, सकाळी धुऊन टाकायचं. दुसऱ्या आठवड्यात तिथे चांगलीच लाली आणि चरचर झाली, म्हणून चार दिवस थांबवून पुन्हा सुरू केलं. क्रीम लावलेलं असताना संबंध नकोत, कारण त्यातल्या तेलकट घटकानं निरोधही कमजोर होतो. निरोध एचपीव्हीपासून काही प्रमाणात वाचवतो, पूर्ण नाही, कारण झाकली न जाणारी कातडी उरतेच. रेझर बंद, ट्रिमर चालेल. चुना कायमचा बंद.

तपकिरी डागासाठी कोलोरेक्टल सर्जनकडे पाठवलं. गुदमार्ग भिंगातून, व्हिनेगरसारखं पाच टक्के अॅसेटिक अॅसिड लावून बघणारे डॉक्टर आपल्याकडे मोजके आहेत. सुदैवानं त्यांना ते येत होतं. आत बदल नव्हता. डाग सगळ्या कडांसह काढला, शेजारच्या दोन चामखिळी कॉटरीनं जाळल्या. जाळताना निघणाऱ्या धुरात विषाणूचा डीएनए असतो, म्हणून एन-९५ मास्क आणि धूर ओढणारं यंत्र लागतं. छोट्या दवाखान्यात कॉटरी वापरणाऱ्या सहकाऱ्यांनी हे स्वतःसाठी तरी पाळावं. काढलेल्या तुकड्यात कर्करोग नव्हता, कडा मोकळ्या होत्या.

चौथ्या महिन्यात केसांच्या भागात दोन चामखिळी पुन्हा आल्या. ते खचले. चामखीळ परत येणं हे उपचार फसल्याचं लक्षण नाही, नवी लागण झाल्याचं तर नाहीच. आजूबाजूच्या निरोगी दिसणाऱ्या कातडीत विषाणू असतो. पहिल्याच दिवशी हे सांगून ठेवलेलं असलं की चौथ्या महिन्यात घरात पुन्हा भांडण होत नाही. या वेळी झालं नाही. दोन्ही गोठवल्या.

तंबाखू दोन महिने सुटली, मग रात्रपाळीत परत सुरू झाली, मग पुन्हा सुटली. ओठाच्या आतला पांढरटपणा गेला आहे.

मुलाचं काय?

हा प्रश्न पत्नीनंच काढला. मुलीला लस द्यायची हे त्यांना ठाऊक होतं. "पण मुलाला कशाला? त्याला कुठं गर्भाशय आहे?"

त्याला शिश्न आहे, गुदमार्ग आहे, घसा आहे. मी एवढंच म्हणालो आणि वडिलांची फाइल पुढे केली.

पुण्याच्याच सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक ही लस २०२२ मध्ये मंजूर झाली, २०२३ च्या जानेवारीत बाजारात आली. टाइप ६, ११, १६ आणि १८ यांच्याविरुद्धची. ९ ते २६ वयाच्या मुली-मुलगे दोघांसाठी. ९ ते १४ वयात सहा महिन्यांच्या अंतरानं दोन डोस पुरतात, १५ नंतर तीन लागतात. ऑस्ट्रेलियानं २०१३ पासून आणि ब्रिटननं २०१९ पासून मुलग्यांना शाळेतच ही लस द्यायला सुरुवात केली. आपल्याकडे सरकारी पातळीवरचा भर मुलींवर आहे. २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पातही ९ ते १४ वयाच्या मुलींचाच उल्लेख होता. मर्यादित पैशात आधी मुली, हे मला समजतं. पण ज्यांना परवडतं त्यांनी मुलग्यांना वगळायला काही कारण नाही. १६ ते २६ वयाच्या ४,०६५ पुरुषांवरच्या, चार टाइपांच्या लसीच्या चाचणीत, आधी त्या टाइपांची लागण नसलेल्यांत बाहेरच्या जननेंद्रियांवरचे विकार सुमारे ९० टक्क्यांनी कमी झाले. आधीच लागण झालेलेही धरले तर तोच आकडा ६० वर आला. लस लवकर का, हे या दोन आकड्यांत आहे. पुरुषांमध्ये नैसर्गिक लागणीनंतर प्रतिपिंडं फारशी तयार होत नाहीत, शिश्नाच्या कातडीवरच्या संसर्गानं तर फारच कमी. त्यामुळे एकदा होऊन गेलं म्हणजे संरक्षण मिळालं, असं पुरुषांबाबत धरता येत नाही.

वडिलांनी विचारलं, "मी घेऊ का?" ३८ व्या वर्षी ते मंजूर वयोगटाच्या बाहेर आहेत, आणि असलेला संसर्ग किंवा झालेला बदल लसीनं जात नाही. मी नको म्हणालो.

मुलाला पहिला डोस दिला. त्याला सांगताना आईनं 'कॅन्सर होऊ नये म्हणून' एवढंच सांगितलं, दहा वर्षांच्या मुलाला तेवढं पुरलं. सहा महिन्यांनी दुसराही झाला. मुलगी नऊ वर्षांची होईपर्यंत थांबायचं आहे.

आता बाहेर एकही चामखीळ नाही. गुदद्वाराजवळची जागा दर सहा महिन्यांनी बघायची, बोटानं आणि प्रॉक्टोस्कोपनं, निदान पहिली दोन-तीन वर्षं. सर्जननी वर्षातून एकदा भिंगाखाली बघायचं ठरवलं आहे. तोंड वर्षातून एकदा, तंबाखूच्या जागेसाठी. पत्नीची एचपीव्ही तपासणी पाच वर्षांनी. गुळण्यांची तपासणी यादीत नाही, आणि गेल्या भेटीत त्यांनी ती विचारलीही नाही.